भरती करतोय

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावात एखाद्या बाईला विचारा, मावशी पोरगा काय करतो तुमचा, तर बऱ्याचदा उत्तर येतं, "भरती करतोय." पुण्या-मुंबईच्या माणसाला हे वाक्य अर्धवट वाटेल, कशाची भरती, आणि भरती तर सरकार करतं ना, पोरगा कुठून करायला लागला. पण आमच्याकडं कुणी पुढं विचारत नाही. पोरगा पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळतोय, दिवसा वाचनालयात जीके आणि गणिताची पुस्तकं घेऊन बसतोय, नाहीतर कुठल्यातरी करिअर अकॅडमीत राहायला गेलाय आणि अजून लागलेला नाही, एवढं सगळं त्या दोन शब्दांत येतं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. माझा धाकटा भाऊ बारावीनंतर भरती करायला लागला आणि पुढची कित्येक वर्षं आमच्या घरात हा शब्द रोज चुलीपाशी, अंगणात, फोनवर असायचा. तेव्हापासून मी या शब्दाकडं नीट बघायला लागले. जाहिरात काढायची सरकारनं, जागा भरायच्या सरकारच्या, निवड करायची साहेबानं, आणि तरी पोरगं म्हणतं मी भरती करतोय. मला वाटतं लागायच्या आधीचा जो काळ असतो, ज्याला कुठल्याच कागदावर नाव नाही, ना नोकरी ना शिक्षण, तो काळ या पोरांनी असा स्वतःच्या नावावर लावून घेतलाय. बेकार म्हणायला जीभ रेटत नाही, शिकतोय म्हणावं तर कॉलेजला फक्त परीक्षेपुरतं जाणं. मग ते काम करतात त्या कामाला नाव काय? भरती. रोज घाम गाळून करायचं काम, फक्त पगार नाही.

आणि त्यांची एक अख्खी भाषा आहे. ग्राउंड म्हणजे नुसतं मैदान नाही, ग्राउंड म्हणजे शारीरिक चाचणी, "ग्राउंड कसं गेलं" असं विचारतात. सोळाशे म्हणजे सोळाशे मीटर पळणं. "आज सोळाशे पाच-पंचवीसला काढलं ताई" असा भावाचा सकाळी मेसेज यायचा आणि मला ऑफिसच्या बसमध्ये बसल्या बसल्या आनंद व्हायचा, कारण साडेपाच मिनिटांच्या आत पहिला गट हे आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. तेव्हा आर्मीच्या भरती मेळाव्यात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलं तर पूर्ण ६० मार्क मिळायचे, त्यापुढं पंधरा सेकंदांपर्यंत ४८, आणि त्याच्याही पुढं गेलं की पोरगं बाद व्हायचं. मग १० पुलअप्सचे ४० मार्क, ९ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा, झिगझॅग बॅलन्स. पोलीस भरतीचं वेगळं, तिथं ग्राउंड ५० मार्कांचं, सोळाशे, शंभर मीटर आणि गोळाफेक, आणि मग लेखी १०० ची. ही आकडेवारी आमच्या आईलाही पाठ होती, जिला स्वतःच्या बीपीच्या गोळीचं नाव सांगता येत नाही.

भरणे हे क्रियापद तिथं दोन बाजूंनी चालतं हे मला भावामुळंच कळलं. एकीकडं जागा भरायच्या असतात. आणि दुसरीकडं पोराचं शरीर भरावं लागतं. "उंची भरली का?" "छाती भरत नाही रं त्याची, दोन सेंटीमीटर कमी पडतीय." महाराष्ट्रातल्या पोराला आर्मीच्या जीडीसाठी, म्हणजे जनरल ड्युटीच्या शिपायासाठी, १६८ सेंटीमीटर उंची लागते, छाती ७७ आणि फुगवून ५ जास्त. पोलिसाला १६५ उंची चालते पण छाती ७९ पाहिजे. वाण्याच्या काट्यावर माल भरतो तसं पोरगं टेपवर भरायचं. उंचीसाठी लिंबाच्या फांदीला लोंबकळणारी पोरं मी बघितलीत, मापाला सकाळीच जायचं कारण दिवसभर उभं राहून माणूस थोडा खाली बसतो, हेही त्यांना माहिती असतं. एखाद्याचे गुडघे जुळतात, एखाद्याचा तळपाय सपाट असतो, ह्या गोष्टी घरात आजवर कुणाच्या लक्षातही आलेल्या नसतात आणि एका सकाळी त्या पोराचं सगळं आयुष्य त्या गुडघ्यांवर येऊन थांबतं.

माझं सासर गुहागरकडचं, आणि तिथं भरती म्हटलं की कुणाला आर्मी आठवतच नाही, आधी समुद्र. लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यांच्या तोंडून "भरती किती वाजता आज?" हे ऐकलं तेव्हा मनात सोळाशे मीटर आलं होतं. सासरे घड्याळ न बघता सांगतात. तिथीला तीनानं गुणायचं आणि चारानं भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. ढोबळ हिशोब आहे पण माशाला जाणाऱ्याला पुरतो. दिवसातून दोनदा पाणी भरतं, दोनदा उतरतं, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकतं. पौर्णिमा-अमावास्येची ती उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराची भांगेची, तिला जोर नसतो.

समुद्राच्या भरतीचा एक गुण मला फार आवडतो, ती सांगून येते. तिचा हिशोब तिथीत आहे, कुणाच्या मर्जीत नाही. नोकरीच्या भरतीचं तसं नाही. ती कधी निघेल, किती जागांची निघेल, निघाली तर परीक्षा कधी, निकाल कधी, हे पोरांना कुणीच सांगत नाही.

याच किनारपट्टीनं लष्कराची भरतीही खूप पाहिलीय. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई आर्मीत, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर राणीच्या फौजेत, पिढ्यानपिढ्या माणसं गेली. दापोलीला अजून कॅम्प दापोली म्हणतात, तिथं पेन्शनर शिपायांची वस्तीच होती. त्या वस्तीतले एक गोपाळबुवा वलंगकर, महार समाजातले, फौजेतून १८८६ साली निवृत्त झालेले. आणि इथं भरती या शब्दाची ती बाजू येते जी मला सगळ्यात जास्त सांगायचीय.

कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा जो स्तंभ भीमेकाठी उभा आहे त्यावरची बरीच नावं "नाक"नं संपतात, ती त्याच काळच्या महार शिपायांची. फौजेत गेलं की पगार होता, पेन्शन होती, हुद्दा होता, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळा होती. शिपायांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, फौजेच्या शाळेत शिकवायचे. गावात ज्या माणसाला शाळेच्या पायरीवर उभं करत नव्हते तो पलटणीत लिहायला वाचायला शिकत होता. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि फौजेच्या शाळेत शिकवायचे, बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महू छावणीत झाला तो त्यामुळंच. मग लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना ती लढाऊ जातींची कल्पना जोरात आली, कोण जन्मानं लढाऊ आणि कोण नाही हे साहेबांनी ठरवलं, शीख, गुरखा, पठाण वर गेले, आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली.

भरती बंद. दोनच शब्द आहेत. पण त्या दोन शब्दांनी एका समाजाची शाळा बंद झाली, पेन्शन बंद झाली, गावकीच्या कामातून बाहेर पडायचा रस्ता बंद झाला. ज्यांचे आजे पणजे लढले होते त्यांना सांगितलं तुम्ही लढाऊ नाही. वलंगकरांनी १८९४ च्या सुमारास याविरुद्ध सरकारला अर्ज लिहिला. पुढं पुण्याच्या शिवराम जानबा कांबळेंनी अर्जांवर अर्ज केले, १९१० साली तर थेट लंडनला भारतमंत्र्यांकडं, आणि त्यात मागणी काय, तर आम्हाला फौजेत आणि पोलिसात पुन्हा घ्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप वेळ काही सुचलं नाही. भरतीत घ्या म्हणून एक अख्खा समाज अर्ज करतोय, कारण त्यांच्यासाठी तो मरायला जायचा अर्ज नव्हता, माणूस म्हणून उभं राहायचा होता.

आणि मग कसं होतं बघा, पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडायला लागली, आणि १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी केली. गरज संपली, १९२१ मध्ये मोडून टाकली. दुसरं महायुद्ध आलं, पुन्हा माणसं पाहिजेत, बाबासाहेबांनी जोर लावला, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजपर्यंत आहे, तिचं सेंटर आता मध्य प्रदेशात सागरला आहे. बंद, चालू, बंद, चालू. पन्नास वर्षांत दोनदा दार लागलं आणि दोनदा उघडलं, आणि दोन्ही वेळा उघडलं ते लढाईची वेळ आली म्हणून. याला भरती-ओहोटी म्हणायचा मोह होतो, पण मी म्हणणार नाही, ओहोटी चंद्रामुळं येते आणि ही माणसांनी आणली होती.

मराठा पलटणींची गोष्ट आमच्या सातारकडं घरोघरी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची मुळं १७६८ सालापर्यंत जातात, सेंटर बेळगावला. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे, लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. त्याच युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या ६व्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, तिथल्या कूत गावच्या वेढ्यात अडकलेल्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाल्यावर तुर्कांच्या कैदेत गेलेल्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोन मराठा शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे कोकणातले, माणगाव तालुक्यातले, त्यांना तो मरणोत्तर. भरतीच्या टेपखाली तेही कधीतरी असेच उभे राहिले असतील ना, छाती फुगवून, श्वास धरून.

शिवाजी महाराजांच्या फौजेबद्दल सभासदाच्या बखरीतून जे कळतं त्यात मला एक गोष्ट फार समजूतदार वाटते. नवा माणूस ठेवताना आधीपासून चाकरीत असलेल्याचा जामीन घेत. म्हणजे कुणीतरी सांगायचं, हा माझ्या ओळखीचा आहे, याची जबाबदारी माझी. स्वतःचं घोडं घेऊन आला तो शिलेदार, सरकारी घोडं मिळालं तो बारगीर. घोड्यावरनं आठवलं, खोगीरभरती हा शब्दही तिथलाच. खोगिरात चिंध्या, गवत असं काहीबाही कोंबायचे ती खोगीरभरती, आणि मग नुसती संख्या वाढवायला घेतलेल्या बिनकामाच्या माणसांना तेच नाव पडलं. निबंधात पान भरायला लिहिलेली वाक्यं तीही भरतीचीच. निवडणुकीआधी या पक्षातनं त्या पक्षात माणसं जातात त्याला आता पेपरवाले मेगाभरती म्हणतात, आणि मला ते वाचवत नाही. जो शब्द माझा भाऊ पहाटे रस्त्यावर पळून रोज कमवत होता तो असा फुकट कुणाला लावू नये असं मनापासून वाटतं.

नागपूरची माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडं दवाखान्यात ॲडमिट करत नाहीत, भरती करतात. "बाबांना भरती केलं काल." विदर्भात हे सहज म्हणतात. गंमत नाही यात, उलट मला तो वापर बरोबर वाटतो, आत घेतलं, आता त्यांची काळजी आतले घेतील. लष्करातही आईबापांचा समज हाच असतो. पोरगं भरती झालं म्हणजे आता त्याला सरकार बघेल.

हा समज २०२२ नंतर डळमळला. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली, साडेसतरा ते एकवीस वयाची पोरं, चार वर्षं नोकरी, त्यातली २५ टक्क्यांपर्यंत पुढं कायम, बाकीच्यांना साधारण ११.७१ लाखांचा सेवानिधी आणि घरी परत. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले हातात २१. याच्या आधीची दोन वर्षं कोविडमुळं भरती जवळजवळ थांबलेलीच होती, म्हणून पहिल्या वेळेपुरतं वय २३ पर्यंत वाढवलं. योजनेच्या बाजूनं आणि विरुद्ध बरंच बोललं गेलंय, ते मी पुन्हा सांगत नाही. मला त्या दोन वर्षांबद्दल बोलायचंय. त्या काळातही गावातली पोरं पळत होती. मेळावा कधी लागेल माहीत नाही, लागेल का माहीत नाही, लॉकडाऊनमध्ये रस्त्यावर दिसलं तर पोलीस हटकायचे म्हणून अंधारात पळत होती. माझा भाऊ त्यांच्यात होता. मेळावा लागला तेव्हा तो २२ वर्षांचा होता, गर्दी प्रचंड, पोरं बॅच करून सोडत होते, आणि वेळ संपली की दोरी आडवी. दोरीच्या अलीकडं राहिला. सोळाशे मीटर किती वेळा त्या वेळेत काढलं असेल त्यानं, पण त्या दिवशी धक्काबुक्कीत सुरुवातीलाच मागं पडला. त्यानंतर पोलीस भरतीत वेटिंगला नाव आलं आणि वेटिंगलाच राहिलं.

घरी आल्यावर आजूबाजूचे म्हणायला लागले, एवढी वर्षं वाया घालवली. हे वाक्य मला अजून लागतं. वाया काय गेलं? ज्या पोरानं एवढा काळ पहाटे उठून स्वतःला घडवलं, दारूला, गुटख्याला हात लावला नाही, गणित इंग्रजी स्वतःच्या हिकमतीवर शिकला, त्यानं काही केलंच नाही असं कसं म्हणता. दरवर्षी जागा असतात काही हजार आणि पळणारी असतात लाखांत, म्हणजे बहुतेकांचं होणारच नाही हे तर आधीच ठरलेलं असतं. मग न झालेल्यांसाठी काही आहे का? तेवीस-चोवीस वर्षांचा शिस्तीतला, फिट, वाचणारा लिहिणारा मुलगा गावात परत येतो आणि त्याला काय काम द्यायचं याचा कुणी विचार केलेला नसतो. अकॅडमीवाला फी घेतो आणि झालेल्यांचे फोटो चौकात फ्लेक्सवर लावतो, न झालेल्यांची यादी कुणाकडंच नाही. मला वाटतं ती यादी असायला पाहिजे, जिल्ह्याच्या पातळीवर, फायर ब्रिगेड, एसटी, वन खातं, आपत्ती व्यवस्थापन, कुठंही जिथं अंगात दम आणि डोक्यात शिस्त लागते तिथं या पोरांना आधी विचारलं पाहिजे. शाळांमधे खेळाचे शिक्षक नाहीत म्हणून ओरड असते आणि इथं गावागावात सोळाशे शिकवू शकणारी पोरं मोकळी बसलीत. हे अवघड नाही, फक्त त्या वर्षांना काम मानलं पाहिजे.

भाऊ आता दुधाची गाडी चालवतो आणि पहाटे गावातल्या पोरांचं ग्राउंड घेतो, पैसे घेत नाही. आणि पोरांचं म्हणायचं पण त्यात आता पोरी जास्त आहेत. माझ्या लहानपणी भरती हा शब्द पोरींच्या तोंडात कधी ऐकला नव्हता. आता पोलिसात ३० टक्के जागा महिलांना आहेत, आर्मीनं २०१९ पासून मिलिटरी पोलीसमध्ये शिपाई म्हणून मुली घ्यायला सुरुवात केली आणि पहिली तुकडी २०२१ मध्ये बाहेर पडली, त्यामुळं "पोरगी काय करते?" ला "भरती करतीय" असं उत्तर देणाऱ्या आया आमच्या गावात आहेत, आणि ते त्या मान वर करून सांगतात.

माझ्या चुलत बहिणीची मुलगी त्यातलीच एक. पोलिसाला मुलींना उंची १५५ लागते, हिची १५७ भरते, म्हणजे ते एक टेन्शन गेलं. आठशे मीटर चांगलं पळते, शंभरला सुरुवात ढिली आहे, चार किलोचा गोळा खांद्यावरनं नीट सुटत नाही म्हणून सध्या संध्याकाळी त्याचीच प्रॅक्टिस चाललीय. पुढची जाहिरात निघाली की फॉर्म भरणार. कुठल्या जिल्ह्यातनं भरायचा यावरनं घरात वाद चालू आहे, मामा म्हणतो जिथं जागा जास्त तिथं भर, ती म्हणते मी भरणार तर साताऱ्यातनंच.